सुटें जहाज आणि तांडा

पूर्वी आपल्याकडे काशीयात्रेस निघावयाचें म्हणजे सोबत पाहून निघण्याची रीत होती. वाटेंत चोराचिलटांचें भय; म्हणून पांच-पंचवीस बिऱ्हाडें एकत्र जमत, एकाच मुक्कामास उतरत आणि एकाच वेळीं निघत. कोणाचा बैल लंगडला कीं सर्वांचा खोळंबा होई. कोणाच्या मुलास ताप आला कीं सर्वांचा मुक्काम वाढे. तरण्या मंडळींची कुरकुर चाले, परंतु सोबत सोडून पुढें जाण्याचें धाडस सहसा कोणी करीत नसे. ही रीत कोणत्या गणितावर बसविली आहे, असें त्या वडीलधाऱ्यांस कोणी विचारलें असतें तर त्यांस बहुधा सांगतां आलें नसतें. विसाव्या शतकांतील दोन महायुद्धांत हेंच गणित समुद्रावर मांडावें लागलें, आणि तें सुटेपर्यंत हजारों माणसें बुडालीं. ती हकीकत या महिन्यांत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या काळची पाणबुडी ही नांवाप्रमाणें सदा पाण्याखालीं राहणारी बोट नव्हती. बराच काळ ती तेलाच्या एंजिनावर पृष्ठभागावरूनच चाले; भक्ष्य किंवा भय दिसलें म्हणजे बुडी मारी. पाण्याखालीं तिला विजेच्या सांठ्यावर चालावें लागे. तेथें तिचा वेग इतका मंद होई कीं साधें मालवाहू जहाजही पुष्कळदां तिला मागें टाकी. आणि सांठा संपला कीं पुन्हां वर येणें तिला भाग पडे. तिची शक्ति दोन गोष्टींत होती. एक, तिच्याजवळील तोफ व थोडेसे टॉर्पेडो. आणि दुसरी, समुद्रावर एकामागून एक, सुटीं व बिनपहाऱ्याचीं येणारीं जहाजें. यांपैकीं पहिली शक्ति जर्मनीनें निर्माण केली होती. दुसरी तिच्या शत्रूनेंच तिला पुरविली होती.

इंग्लंड हें बेट. तेथील माणसांच्या अन्नाचा मोठा भाग समुद्रावरून येई. जर्मन आरमाराचे प्रमुख होल्ट्सेनडॉर्फ यांनीं १९१६ च्या डिसेंबरांत हिशेब मांडला कीं, दरमहा सहा लाख टनांचीं जहाजें पांच महिने बुडवीत राहिल्यास इंग्लंडला तहाची भीक मागावी लागेल. त्याप्रमाणें १ फेब्रुवारी १९१७ पासून कोणतीही पूर्वसूचना न देतां, शत्रूचें कीं तटस्थाचें हें न पाहतां, जहाजें बुडविण्यास प्रारंभ झाला. फेब्रुवारींत बुडालेला आंकडा पांच लाख टनांवर गेला आणि एप्रिलांत तो साडेआठ लाखांच्याही पलीकडे पोंचला. इंग्लंडहून लांबच्या सफरीवर निघणाऱ्या दर चार जहाजांपैकीं एक परत येईनासें झालें. अमेरिकेचे ॲडमिरल सिम्स त्याच महिन्यांत लंडनला आले, तेव्हां ब्रिटिश आरमाराचे प्रमुख ॲडमिरल जेलिको यांनीं हे आंकडे त्यांच्या हातीं ठेवले व तूर्त आपणांस कांहीं उपाय दिसत नाहीं, अशी कबुली दिली.

वास्तविक उपाय जुनाच होता. जहाजांनीं तांड्यानें जावें आणि तांड्याभोंवतीं युद्धनौकांचा पहारा असावा. सोळाव्या-सतराव्या शतकांत गोव्याचे पोर्तुगीज गुजराथकडे जाणाऱ्या गलबतांचे असेच काफिले नेत असत. नेपोलियनच्या काळीं इंग्रज व्यापारीही पहाऱ्यांतील तांड्यानेंच समुद्र ओलांडीत. परंतु वाफेचीं जहाजें आलीं आणि ही रीत मागासलेली ठरली. १९१७ सालीं आरमारांतील जाणत्यांनीं तिच्याविरुद्ध जे आक्षेप घेतले, ते वरवर पाहतां अगदीं शहाणपणाचे वाटतात. वीस जहाजें एके ठिकाणीं आणणें म्हणजे शत्रूच्या हातीं वीस भक्ष्यें एकदम देणें. व्यापारी जहाजांच्या कप्तानांना रात्रीं, दिवे मालवून, ओळींत चालतां येणार नाहीं. तीं एकमेकांवर आदळतील. सर्वांत मंद जहाजासाठीं जलद जहाजांना रखडावें लागेल. बंदरांत एकाच दिवशीं गर्दी होईल आणि मग आठवडाभर गोदी रिकामी राहील. आणि शेवटचा, सर्वांत जड आक्षेप हा कीं, इतक्या जहाजांस पहारा देण्यास विनाशिका आणावयाच्या कोठून?

या शेवटच्या आक्षेपाची कथा प्रत्येक हिशेबनिसानें लक्षांत ठेवावी अशी आहे. ब्रिटिश बंदरांत दर आठवड्यास २,५०० जहाजें येतात व तितकींच बाहेर जातात, असा आंकडा सरकार प्रसिद्ध करीत असे. पाणबुड्यांना न जुमानतां आमचा व्यापार कसा निर्वेध चालू आहे, हें तटस्थ राष्ट्रांस दाखविण्याचा त्यांत हेतु होता. त्यासाठीं शंभर टनांवरील प्रत्येक होडकें, किनाऱ्याकिनाऱ्यानें आज या बंदरांत व उद्यां त्या बंदरांत जाणारी प्रत्येक कोळशाची बोट त्यांत मोजलेली होती. दुसऱ्यांस दाखविण्याकरितां फुगविलेला हा आंकडा पुढें स्वतः आरमार खात्यासच खरा वाटूं लागला! रेजिनाल्ड हेंडरसन नांवाच्या एका कमांडरानें जहाजवाहतूक खात्यांत जाऊन मूळ नोंदी पाहिल्या, तेव्हां असें आढळलें कीं महासागर ओलांडून येणारीं जहाजें दिवसाला सुमारें वीसच आहेत. म्हणजे आठवड्यास अडीच हजार नव्हे, तर अवघीं दीडशेच्या आंत. इतक्यांना पहारा देणें अशक्य नव्हतें.

आणखी एक गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर असून कोणास दिसत नव्हती. हेच आरमार आपल्या मोठ्या युद्धनौकांना विनाशिकांच्या कड्याशिवाय समुद्रांत नेत नसे. फ्रान्सला कोळसा नेणाऱ्या बोटी त्याच वर्षीं फेब्रुवारीपासून पहाऱ्यांत जाऊं लागल्या होत्या आणि त्यांतील नुकसान नगण्य होतें. पुरावा घरांतच होता. पण तो कोळशाच्या बोटींचा असल्यामुळें कोणी मनावर घेतला नव्हता.

अखेर एप्रिलच्या शेवटीं निर्णय झाला. त्याचें श्रेय पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचें कीं आरमाराचें, हा वाद पुढें पुष्कळ वर्षें चालला. तो आपण सोडून देऊं. १० मे १९१७ रोजीं जिब्राल्टरहून सोळा जहाजांचा तांडा निघाला आणि एकही जहाज न गमावितां इंग्लंडला पोंचला. कप्तानांना ओळींत चालतां येतें, हेंही त्यामुळें सिद्ध झालें. त्याच महिन्यांत अमेरिकेच्या किनाऱ्यावरून बारा जहाजांचा दुसरा तांडा निघाला. त्यांतील दोन जहाजें वेग न साधल्यामुळें मागें पडलीं. त्या मागें पडलेल्या दोहोंपैकीं एक पाणबुडीच्या तडाख्यांत सांपडलें. बाकीचीं सुखरूप आलीं. युद्ध संपेपर्यंत तांड्यांतून गेलेल्या जहाजांपैकीं शेंकडा एकाहूनही कमी बुडालीं.

असें कां व्हावें? पुष्कळांस वाटतें कीं पहाऱ्याच्या विनाशिकांनीं पाणबुड्या मारल्या म्हणून. तेंही झालें, परंतु मुख्य कारण त्याहून साधें आहे. महासागर अफाट आहे आणि पाणबुडीच्या टेहळणीची जागा पाण्यापासून फार उंच नाहीं. तिला कांहीं मैलांपलीकडचें दिसत नाहीं. एक जहाज जितक्या अंतरावरून दिसतें, त्याहून वीस जहाजांचा घोळका फार तर मैल दोन मैल अधिक अंतरावरून दिसेल. म्हणजे वीस सुटीं जहाजें वीस ठिकाणीं सांपडण्याचा संभव होता, तेथें आतां एकच ठिकाण उरलें. समुद्र एकाएकीं रिकामा झाला. दिवसेंदिवस पाणबुड्या हिंडत आणि त्यांना कांहींच दिसत नसे. आणि दिसलें तर एकदम सर्व कांहीं दिसे, पण तेंही पहाऱ्याच्या कड्यांत. अशा वेळीं एक-दोन टॉर्पेडो सोडून पळ काढावा लागे, आणि तेवढ्यांत उरलेलीं जहाजें निघून जात. पूर्वी तीच पाणबुडी आज एक, उद्यां दुसरें, असें सावकाश टिपीत असे.

हा धडा १९३९ मध्यें इंग्लंडनें पुन्हां गिरविला नाहीं. युद्ध सुरू होतांच तांडे निघूं लागले. तथापि येथें एक सावधगिरीची गोष्ट सांगितली पाहिजे. नुसतें एकत्र येणें म्हणजे संरक्षण नव्हे. १९४० च्या ऑक्टोबरांत कॅनडाहून निघालेल्या, एस्‌. सी. ७ हें सांकेतिक नांव असलेल्या ३५ जहाजांच्या मंद तांड्यावर जर्मन पाणबुड्यांनीं टोळी करून रात्रींचा हल्ला केला आणि वीस जहाजें बुडविलीं. पहारा अपुरा होता आणि पहारेकऱ्यांस एकमेकांबरोबर काम करण्याचा सराव नव्हता. तांड्यास राखणारे हवेत. आणि राखणाऱ्यांचें आपसांत जमलेलें हवें.

परंतु तांडा मोडल्यानें काय होतें, हेंही त्याच युद्धांत दिसून आलें. १९४२ च्या जानेवारींत जर्मनीनें पांच पाणबुड्या अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर धाडल्या. तेथें जहाजें सुटींच जात होतीं आणि किनाऱ्यावरील शहरांचे दिवे झगमगत होते. त्या उजेडावर तेलाच्या बोटींच्या काळ्या आकृति स्पष्ट उमटत. अपुऱ्या पहाऱ्याचा तांडा हा तांडा नसण्याहून वाईट, असें अमेरिकन आरमाराचें मत होतें. मे महिन्याच्या मध्यावर किनाऱ्यालगतचे तांडे सुरू होईपर्यंत तेथें जहाजांचा अक्षरशः संहार झाला. आणि ते सुरू होतांच पाणबुड्या तेथून कॅरिबियन समुद्राकडे सरकल्या, कारण तेथें अजून सुटीं जहाजें मिळत होतीं. त्याच वर्षीं ४ जुलै रोजीं रशियाकडे जाणाऱ्या पी. क्यू. १७ या तांड्यास, मोठी जर्मन युद्धनौका चालून येत असल्याच्या भयानें, लंडनहून ‘पांगा’ असा हुकूम सुटला. ती युद्धनौका त्यांच्यापर्यंत आलीच नाहीं. पांगलेल्या जहाजांस विमानांनीं आणि पाणबुड्यांनीं एकेक करून गांठलें. ३५ पैकीं २४ बुडालीं.

तांडा केवढा असावा, याचें उत्तर एका पदार्थविज्ञानशास्त्रज्ञानें दिलें. पी. एम्‌. एस्‌. ब्लॅकेट हे त्यांचें नांव. त्यांस १९४८ चें नोबेल पारितोषिक मिळालें, आणि स्वातंत्र्यानंतर संरक्षणविषयक बाबतींत भारत सरकारनेंही त्यांचा सल्ला घेतला. फार मोठा तांडा धोक्याचा, अशी आरमाराची समजूत होती. ब्लॅकेट यांच्या मंडळींनीं जुन्या तांड्यांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां मोठ्या तांड्यांतच शेंकडा नुकसान कमी आढळलें. कारण आपल्या स्वयंपाकघरांतही सांपडेल. पोळी दुप्पट रुंद लाटली तर तिचा पसारा चौपट होतो, पण कड दुप्पटच होते. जहाजें पसाऱ्यांत मावतात आणि पहारा कडेस लागतो. म्हणून चौपट जहाजांस दुप्पट पहारेकरी पुरतात. १९४४ च्या उन्हाळ्यांत १६० हून अधिक जहाजांचा एकच तांडा अटलांटिक ओलांडून आला आणि त्यांतील एकही पाणबुडीच्या हातीं लागलें नाहीं.

तोंवर पाणबुड्यांचें पारडें खालीं गेलें होतें. लांब पल्ल्याचीं विमानें, रडार आणि फोडलेले गुप्त संकेत यांची जोड मिळून १९४३ च्या मे महिन्यांत एकेचाळीस जर्मन पाणबुड्या नष्ट झाल्या. त्या महिन्यांतील एका तांड्याचें एकही जहाज बुडालें नाहीं. त्याच्या मागावर असतां बुडालेल्या एका पाणबुडींत जर्मन आरमाराचे सेनापति ड्योनिट्स यांचा मुलगा होता. २४ मे रोजीं बापानें उत्तर अटलांटिकमधून आपल्या बोटी मागें बोलाविल्या. युद्धाच्या अखेरीस जर्मन पाणबुड्यांवर गेलेल्या सुमारें चाळीस हजार माणसांपैकीं तीस हजारांच्या आसपास परत आलीं नाहींत. शत्रूच्या घरींही आया होत्याच, हें विसरूं नये.

हें सर्व दूरच्या समुद्रावरचें झालें, असें कोणी समजूं नये. ब्रिटिश व्यापारी जहाजांवरील खलाशांत दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं दर चारांत सुमारें एक हिंदी होता. रत्नागिरीकडील दर्यावर्दी डोलकाठीपासून सुकाणूपर्यंतचीं कामें करीत, गोव्याची ख्रिस्ती मंडळी मुदपाकखान्यांत व प्रवाशांच्या सेवेंत असत, आणि सिल्हेटकडचे लोक खालीं भट्टीपाशीं कोळसा ओढीत. टॉर्पेडो लागला म्हणजे भट्टीपाशीं असलेल्यांस जिना चढण्यासही वेळ मिळत नसे. मुंबई व चितगांव येथील स्मारकग्रंथांत त्या युद्धांतील आरमारी व व्यापारी जहाजांवरील ६,४६९ मृतांचीं नांवें आहेत.

१९४२ च्या नोव्हेंबरांत ‘तिलावा’ ही दहा हजार टनांची बोट मुंबईहून आफ्रिकेस निघाली. तिच्यावर ७३२ प्रवासी, २२२ खलाशी व चार तोफची, अशीं ९५८ माणसें होतीं. व्यापारासाठीं, नोकरीसाठीं पूर्व व दक्षिण आफ्रिकेंत स्थायिक झालेल्या कुटुंबांतील बायकामुलें त्यांत पुष्कळ होतीं. ती एकटीच चालली होती. हिंदी महासागरांत प्रत्येक बोटीस देण्यास पहारेकरी नव्हतेच. २३ नोव्हेंबरच्या पहांटेपूर्वीं, सेशेल्स बेटांच्या ईशान्येस शेंकडों मैलांवर, आय-२९ या जपानी पाणबुडीचा पहिला टॉर्पेडो तिला लागला. बोट लगेच बुडाली नाहीं. कांहीं लोक होड्यांतून तिच्याकडे परतूं लागले असतांना दुसरा टॉर्पेडो लागला. २८० माणसें गेलीं. उरलेलीं दोन दिवस होड्यांत व तराफ्यांवर तरंगत होतीं. त्यांस ‘बर्मिंगहॅम’ या ब्रिटिश युद्धनौकेनें शोधून काढलें आणि मुंबईस परत आणलें.

पहाऱ्यांत असती तर ‘तिलावा’ वांचलीच असती, असें आम्ही म्हणत नाहीं. १२ फेब्रुवारी १९४४ रोजीं त्याच महासागरांत पांच बोटींच्या पहारा असलेल्या तांड्यांतील ‘खेदिव इस्माइल’ ही बोट कांहीं मिनिटांत बुडाली आणि १,२९७ माणसें प्राणांस मुकलीं. पाणबुडी पाण्यांत तरंगणाऱ्या माणसांच्या खालींच दडलेली होती. पहाऱ्याच्या विनाशिकेला त्या माणसांच्या मधोमध बॉम्ब टाकावे लागले. तांडा म्हणजे अभयपत्र नव्हे. तो केवळ संभवाचें पारडें आपल्या बाजूस झुकवितो, आणि शेंकडों सफरींचा हिशेब मांडला म्हणजेच तें झुकलेलें दिसतें.

आम्हांस या सर्व हकीकतींत सर्वांत बोधप्रद वाटतें तें हेंच. तांड्याचा तोटा रोज दिसतो, आणि फायदा कधींच दिसत नाहीं. बंदरांत आठ दिवस खोळंबलों, हें कप्तानाच्या वहींत लिहिलें जातें. मंद जहाजापायीं चार दिवस उशीर झाला, हेंही लिहिलें जातें. पण जो टॉर्पेडो आपणांस लागलाच नाहीं, त्याची नोंद कोणत्या वहींत करावयाची? म्हणून १९१७ सालीं कप्तानांस विचारलें तेव्हां, आम्हांला सुटें जाऊं द्या, असेंच त्यांपैकीं पुष्कळांनीं सांगितलें. ते मूर्ख नव्हते. त्यांच्या वहींत जें होतें, तें ते खरें सांगत होते.

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस आम्हीं याहून अधिक सांगण्याची गरज नाहीं. नळावरचा खोळंबा, एकाच्या कमाईवर दुसऱ्याचा संथ संसार, थोरल्याच्या तंत्रानें धाकट्याचें चालणें, हा सर्व खर्च रोज वहींत चढतो. आजारपणांत जाऊबाईंनीं उचललेलें मूल, नोकरी गेली त्या वर्षीं न जाणवलेली उपासमार, यांचें जमाखर्चांत खातेंच नसतें. आम्ही स्वतः अशाच घरांत वाढलों आहों, आणि खोळंब्याबद्दल कुरकुरणाऱ्यांत आमचाही आवाज होता, हें कबूल केलें पाहिजे.

तथापि प्रत्येक जहाजास तांड्यांत डांबावें, असें आरमारानेंही केलें नाहीं. ‘क्वीन मेरी’सारखी प्रचंड वेगाची बोट हजारों सैनिक घेऊन एकटीच जाई, आणि तेंच योग्य होतें; तिला पाणबुडी गांठूंच शकत नव्हती. तासाला पंधरा सागरी मैलांच्या वर वेग असेल त्यानें सुटें जावें, असा नियम होता. १९४० च्या नोव्हेंबरांत ही मर्यादा तेरावर आणली. जलद जहाजांचा खोळंबा वांचेल, असा विचार होता. सुट्या जहाजांचें नुकसान इतकें वाढलें कीं पुढल्या जून महिन्यांत ती पुन्हां पंधरावर न्यावी लागली. तेरा आणि पंधरा यांत अंतर दोहोंचेंच; पण तेवढ्यांत कित्येक कप्तान, ज्यांस आपण पुरेसे जलद आहों असें वाटत होतें, ते तळाशीं गेले.

घरांतील ज्या तरुणास वेगळें बिऱ्हाड करावयाचें असेल, त्याची वाट अडविण्याचा आमचा हेतु नाहीं. त्याचा वेग खरोखर पंधराच्या वर असेल तर थोरल्यांनीं त्यास आनंदानें निरोप द्यावा. निघण्यापूर्वीं त्यानें आपला वेग मात्र स्वतःच्या नोंदीवरून मोजावा. दुसऱ्यांस दाखविण्याकरितां सांगितलेल्या आंकड्यावरून नव्हे. आणि जे मागें राहतील त्यांनीं हें लक्षांत ठेवावें कीं, तांड्याचा वेग सर्वांत मंद जहाजाच्या वेगाइतका ठेवतात, तो त्या मंद जहाजावर उपकार म्हणून नव्हे. तें मागें पडलें म्हणजे पाणबुडीला तांड्याची वाट कळते.